वासाच्या नळीची कुळकथा



युसूफ वडगावात, किंवा केज तालुक्यातल्या कोणत्याही गावात, घरांच्या मागच्या अंगाने एक चक्कर मारून पाहा. परसात भिंतीला टेकून उभी असलेली एक नळी तुम्हांला ठिकठिकाणी दिसेल. कुठे सिमेंटची, बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची. कुणाची छपराच्याही वर गेलेली, तर कुणाची माणसाच्या खांद्याइतकीच. ही संडासाची नळी. ती कशासाठी आहे, असे घरधन्याला विचारले, तर तो म्हणेल, "वास जायला." उत्तर बरोबर आहे, पण अर्धे. उरलेले अर्धे उत्तर हाती यायला माणसाला फार लांबची वाट चालावी लागली. त्या वाटेत लंडनची पार्लमेंट आहे, रत्नागिरीचा तुरुंग आहे आणि आफ्रिकेतल्या माशाही आहेत. विषय ऐकून कुणी नाक मुरडू नये. आजचे भाषण नाकाबद्दलच आहे.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकतो. बंद नळाला श्वास घ्यायला वाट लागते, हे ज्ञान आपल्याकडे विलायतेहून आलेले नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीखालून नहर आणली. त्या शहराच्या जुन्या नळांवर मधून मधून दगडी बंब उभे केलेले आहेत. नळात कोंडलेली हवा मोकळी व्हावी आणि पाण्याचा जोर सांभाळला जावा, हे त्यांचे काम. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी पुण्यात आणले, त्या नळावरही असेच मनोरे आहेत आणि त्यांना मराठीत नाव फार सुरेख आहे: उच्छ्वास. आपल्या बीडची खजाना विहीर घ्या. सोळाव्या शतकातल्या निजामशाहीचे ते काम. तिचे पाणीही जमिनीच्या पोटातूनच वाहते. सांगायचे ते असे की, पाण्याच्या नळाला उच्छ्वास ठेवणारे कारागीर आपल्या मुलखात चारशे वर्षांपूर्वी होते.

मग संडासाला उच्छ्वास का ठेवला नाही? कारण साधे आहे. खेड्यात संडासच नव्हता. माणसे डबा घेऊन गोदरीला जात. वारा, ऊन आणि डुकरे मिळून पुढचे काम करीत. पुरुषांचे त्यात काही अडले नाही. बायकांना मात्र पहाटेचा किंवा रात्रीचा अंधार पाहावा लागे, आणि दिवसा कळ आली तर ती दाबून ठेवावी लागे. आणि शहरात जिथे संडास होते, तिथे वास काढायला नळी नव्हती, माणूस होता. टोपलीचे संडास. मागच्या बाजूने एक झडप उघडायची, टोपली ओढायची, डोक्यावर घ्यायची. मुंबईच्या जुन्या चाळींत दोन इमारतींमध्ये जी अरुंद बोळ असते, तिला घरगल्ली म्हणतात. ती हवेसाठी ठेवलेली असेल असे आपल्याला वाटते. पण मैला नेणाऱ्याने घरातल्या कुणाच्या दृष्टीस न पडता यावे आणि जावे, हाही तिचा हेतू होता. घराचा वास दूर करण्याचे हे आपले उपकरण. त्याला हात, पाय आणि जात होती. इतिहासाच्या पुस्तकात वाडे, किल्ले आणि दरवाजे यांची वर्णने पानोपानी येतात, घरगल्लीला मात्र क्वचितच कुठे ओळ मिळते.

आता थोडे विलायतेकडे वळू.

१७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासाच्या भांड्याखालच्या नळीला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक दिला आणि त्याचा हक्क नोंदवला. त्या बाकात नेहमी थोडे पाणी साचून राहते. खालची घाण हवा पाणी ओलांडून वर येऊ शकत नाही. आपले गवंडी ज्याला ट्रॅप किंवा कोंबडा म्हणतात, तो हाच. दोन बोटे पाण्याचा पडदा, पण वासाविरुद्ध याहून स्वस्त दरवाजा अजून कुणाला सापडलेला नाही.

घरातला वास थांबला, पण घाण गेली कुठे? ती गटारात, गटार थेम्स नदीत, आणि नदीचे पाणी पुन्हा पिण्याच्या नळात. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्सला अशी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या इमारतीचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. सभासदांच्या नाकाशी प्रकरण आल्यावर पैसा भराभर मंजूर झाला आणि जोसेफ बॅझलगेट या इंजिनियराने लंडनखाली गटारांचे प्रचंड जाळे विणले. गरिबांच्या वस्त्यांत याआधी कॉलऱ्याने हजारो माणसे मेली होती, तेव्हा ही घाई झाली नव्हती. असो.

गंमत पुढेच आहे. त्या काळच्या मोठमोठ्या जाणकारांची ठाम समजूत होती की रोग होतो तो वासानेच. दुर्गंधी हीच विषारी वाफ, ती नाकातून शिरते आणि माणूस आजारी पडतो. सार्वजनिक आरोग्याचा मोठा पुढारी एडविन चॅडविक याच मताचा होता. १८५४ साली डॉक्टर जॉन स्नो यांनी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाकडे बोट दाखवून सांगितले की कॉलरा हवेतून येत नाही, पाण्यातून येतो. त्यांचे फारसे कुणी ऐकले नाही. पुढे १८८३-८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी आधी इजिप्तमध्ये आणि मग आपल्या कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू दाखवला, तेव्हा कुठे वाफेचा सिद्धांत मागे हटला. म्हणजे लंडनची गटारे बांधली गेली ती चुकीच्या समजुतीवर, आणि तरीही त्यांनी शहर वाचवले. वर्गात मुले विचारतात, चूक कल्पनेतून बरोबर काम होते का? हे उदाहरण त्यांना खुशाल सांगावे.

आपली नळी जन्मली ती याच वाफेच्या धास्तीतून. १८७१ साली खुद्द इंग्लंडचा युवराज विषमज्वराने मरता मरता वाचला, आणि लोकांनी ठपका ठेवला तो गटारातल्या वायूवर. श्रीमंतांच्या घरांत घबराट पसरली. तेव्हा ध्यानात आले की कमिंगचा पाण्याचा पडदा नेहमी टिकत नाही. वरच्या मजल्यावरून बादलीभर पाणी जोराने खाली आले की ते आपल्यामागे हवा ओढते. त्या ओढीने खालच्या मजल्याच्या कोंबड्यातले पाणीही खेचले जाते. पडदा गेला, वाट मोकळी झाली, वास घरात आला. पेंढ्याच्या नळीचे एक टोक बोटाने दाबून धरले की आतले पाणी पडत नाही, बोट काढले की पडते, हा खेळ मुलांनी केलेला असतो. उभ्या नळाचे वरचे टोक बंद ठेवले तर नळ कोंबड्यातले पाणी ओढून घेतो. टोक उघडे ठेवले तर नळ वरून हवा घेतो आणि पाणी जागच्या जागी राहते. म्हणून नळ छपरावर नेऊन तोंड मोकळे सोडायचे, हा पुढे नियमच होऊन बसला. तेव्हा ही नळी वास बाहेर टाकते हे खरे, पण तिचे पहिले काम बाहेरची हवा आत घेणे हे आहे. उच्छ्वासाबरोबर श्वासही.

इंग्रजांनी ही विद्या मुंबईत आणली. तिथल्या जुन्या भागांत रस्त्याच्या कडेला उंच, पोकळ, बिडाचे खांब आढळतात. ते दिव्याचे नसून गटाराचे उच्छ्वास आहेत. विलायतेत तर एकाने या दोहोंची जोड घातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या वेब नावाच्या गृहस्थाने असा रस्त्याचा दिवा काढला, की त्याच्या उष्णतेने गटारातला वायू वर ओढला जाऊन ज्योतीत जळून जाई. लंडनमध्ये सॅव्हॉय हॉटेलाच्या बाजूच्या गल्लीत त्या जातीचा एक दिवा शिल्लक आहे.

पण बिडाचे खांब, गटारे, वाहते नळ हे शहरांचे लाड. ज्या खेड्यात पिण्याला घागर मिळताना मारामार, तिथे हे कुठून यावे? खेड्यासाठी दुसरी वाट निघाली ती मातीची. इंग्लंडातल्या डॉर्सेट परगण्याचे एक पाद्री, हेन्री मूल, यांनी पाहिले की सुकी माती टाकली की मैल्याचा वास मरतो आणि काही आठवड्यांत त्याची माती होते. १८६० साली त्यांनी मातीचा संडास नोंदवला. गांधीजींच्या आश्रमातला चराचा संडास याच तत्त्वाचा: वापर झाला की वरून माती.

महाराष्ट्रात हे काम ज्यांनी आयुष्य घालून केले ते अप्पासाहेब पटवर्धन. मूळचे प्राध्यापक. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मागून घेतले. तुरुंगाचा नियम असा की हे काम ठरावीक जातीच्या कैद्यांनीच करायचे. ब्राह्मण कैद्याला ते देता येत नाही. अप्पासाहेब अन्न सोडून बसले, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही डिसेंबरात त्यांच्यासाठी उपवास धरला. सरकारला नमते घ्यावे लागले. झाडू हातात घेण्याच्या हक्कासाठी उपोषण, हे जगाच्या इतिहासात क्वचितच घडले असेल. १९४८ साली त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम उभा केला. तिथे त्यांनी असे संडास रचले की कुणालाही दुसऱ्याचा मैला ताजा उचलावा लागू नये. तो खड्ड्यात मुरून त्याचे सोनखत व्हावे आणि मगच हात लागावा. संडासाची रचना बदलली तर एका जातीच्या डोक्यावरची टोपली उतरते, हे त्यांना नेमके कळले होते. त्यानंतरच्या वर्षी, १९४९ला, मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला बर्वे समिती नेमली. टोपलीच्या संडासांवर देशाचा कायदा व्हायला मात्र १९९३ साल उजाडले, आणि तोही पुरेसा पडला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला.

अप्पासाहेबांचा धागा पुढे ज्यांनी नेला, त्यांतले एक डॉक्टर सुहास मापुसकर. १९६०च्या सुमारास ते देहूच्या सरकारी दवाखान्यात आले आणि तिथेच राहिले. तुकोबांच्या गावात घरोघर संडास व्हावेत, यासाठी त्यांनी वीस वर्षे खपून गाव पालटले, आणि संडासाला गोबरगॅसची जोड दिली. म्हणजे जो वायू आपण नळीवाटे आकाशात सोडतो, तोच त्यांनी चुलीकडे वळवला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता आफ्रिकेतल्या माशांकडे येऊ. सध्याच्या झिंबाब्वेमध्ये, तेव्हाच्या ऱ्होडेशियात, ब्लेअर प्रयोगशाळेत पीटर मॉर्गन नावाचे शास्त्रज्ञ १९७३च्या सुमारास खेड्यातल्या कोरड्या खड्ड्याच्या संडासाचा विचार करीत होते. पाणी नाही, कोंबडा नाही. खड्डा आणि वर भोक. वास आणि माशा, दोन्ही अपार. त्यांनी खड्ड्याला एक उभी नळी जोडली, ती छपरापेक्षा हातभर उंच नेली आणि तिच्या तोंडावर बारीक जाळी बसवली. झाले ते असे. नळीच्या तोंडावरून वारा वाहिला की आतली हवा वर खेचली जाते. तिची जागा घ्यायला संडासाच्या खोलीतली हवा भोकातून खाली उतरते. वास वर न येता उलटा खाली जातो. सुरुवातीला वाटले की उन्हाने नळी तापते म्हणून हे होते, आणि नळ्या काळ्या रंगवल्या गेल्या. पुढे मोजमापात आढळले की खरे काम वाऱ्याचे, उन्हाची मदत थोडी.

आणि माशा? माशी उजेडाकडे धावते. संडासाची खोली अंधारी ठेवली तर खड्ड्यातल्या माशीला एकच उजेड दिसतो, नळीच्या वरच्या तोंडाचा. ती वर जाते, जाळीला अडकते आणि तिथेच मरते. मॉर्गन यांनी मोजून पाहिले. अडीच महिन्यांत नळी नसलेल्या संडासातून सुमारे चौदा हजार माशा निघाल्या, नळीवाल्यातून दीडशेच्या आत. तिथल्या खेडुतांनी ही नळी बोरूच्या चटईची गुंडाळी करून वरून सिमेंट लिंपूनही केली, आणि खोली शंखासारखी वळणाची बांधली, म्हणजे दाराशिवायही आत अंधार राहतो. रोग वासाने होत नाही, पण वासामागून जी माशी येते तिच्या पायांनी होतो. चॅडविकसाहेबांना हे ठाऊक असते तर!

या कहाणीचा आपल्या परसाशी संबंध काय, ते सांगतो. आपल्याकडे तीन तऱ्हेचे संडास आहेत आणि तिन्हींची नळी वेगळी. कोरडा खड्डा असेल तर नळी हाच त्याचा प्राण. ती सहा इंच व्यासाची, छपराहून निदान दीड फूट उंच आणि तोंडाला जाळी असलेली हवी. वर जाळी नसेल तर माशांना ती नळी म्हणजे राजरस्ता.

दोन शोषखड्ड्यांचा, कोंबडा असलेला संडास असेल, तर नळीची गरजच नाही. खड्ड्याच्या विटांत ठेवलेल्या भोकांवाटे वायू मातीत मुरतो. मात्र मराठवाड्यातली काळी चिकण माती पाणी लवकर शोषत नाही, म्हणून अशा ठिकाणी खड्ड्याभोवती वाळूचा थर द्यावा लागतो. अनेक ठिकाणी लोक वाळूला काट मारतात आणि नळीला पैसे देतात. हे उलटे झाले.

तिसरी सेप्टिक टाकी. हिला नळी पाहिजेच. भारतीय मानकात तिचा नियम असा: टाकी घराजवळ असेल तर नळी घराच्या माथ्याहून दोन मीटर उंच, तोंडाला डास शिरणार नाही अशी जाळी. आता आपल्या गल्लीतल्या खांद्याएवढ्या नळ्या आठवून पाहा. त्यांतला वायू कुठे जातो? शेजारच्या खिडकीत.

या टाकीला गावात "सेफ्टी टाकी" म्हणतात. नावावर जाऊ नका. तिच्यात जो वायू कोंडतो त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भागांच्या पुढे गेला की माणसाचे नाकच बधिर होते. वास येईनासा होतो. झाकण उघडले, वास घेतला, "काही नाही, उतर" म्हटले, आणि माणूस उतरला तो पहिल्या दोन श्वासांतच कोसळला. त्याला काढायला भाऊ उतरला, तोही गेला. अशा बातम्या महाराष्ट्रात अजून छापून येतात, आणि मरणारा बहुधा त्याच समाजाचा असतो, ज्याने घरगल्लीतून टोपली वाहिली. नळी आहे म्हणून टाकी सुरक्षित आहे असे मुळीच नाही. नळी टाकीच्या वरच्या भागातला वायू सोडते. गाळात अडकलेला वायू गाळ ढवळताच उसळतो. २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून कुणालाही टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. टाकी उपसायची असेल तर पंपाची गाडी बोलवावी. गाडीला पैसे पडतात, हे खरे. ते द्यावेत.

आता शिक्षकमंडळींसाठी एक वेगळी गोष्ट. पुष्कळदा संडास चांगला बांधलेला असतो, नळी योग्य असते, तरी जूनमध्ये शाळा उघडली की वास येतो. कारण नळी नव्हे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात महिना-दीड महिना वापर नसला की कोंबड्यातले दोन बोटे पाणी सुकून जाते. कमिंगसाहेबांचा दरवाजा सताड उघडा. हेच ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचे होते. केज, धारूर, वडवणीची माणसे दिवाळीच्या आगेमागे बाहेर पडतात, उन्हाळ्यात परततात. कुलूप उघडतात तो संडास घाण मारत असतो, आणि मग "सरकारी संडासात बसवत नाही" म्हणून पुन्हा गोदरी. २०१८ साली महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पण सुकलेल्या कोंबड्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची? इलाज दोन तांब्यांचा आहे. शाळा सुरू होण्याआधी प्रत्येक भांड्यात दोन-तीन तांबे पाणी ओतावे. घर बंद करून जाणाऱ्याने शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून पंधरवड्याला एकदा तेवढे काम सांगावे. सातवी-आठवीतल्या मुली शाळेतल्या संडासाच्या वासामुळे दिवसभर पाणी पीत नाहीत, हे ज्या शिक्षिकांना ठाऊक आहे, त्यांना या दोन तांब्यांचे मोल वेगळे सांगायला नको.

इतके करूनही वास राहिला, तर गळती कुठे आहे ते शोधायची एक जुनी रीत आहे. गेल्या शतकाच्या आधीचे विलायती प्लंबर ती वापरीत. पेपरमिंटच्या तेलाचे थोडे थेंब घ्यायचे, छपरावर जाऊन नळाच्या वरच्या तोंडातून टाकायचे आणि पाठोपाठ तांब्याभर गरम पाणी ओतायचे. घरात दुसऱ्या माणसाने खोलीखोलीतून हुंगत फिरायचे. जिथे पेपरमिंटचा वास येईल, तिथे सांधा फुटलेला आहे किंवा कोंबडा कोरडा आहे. शाळेत मुलांना घेऊन करण्याजोगा हा प्रयोग आहे. हुंगण्याचे काम त्यांना फार आवडेल. गच्चीवर मात्र मोठ्यानेच जावे. आणि एक पथ्य त्या प्लंबरांनी सांगून ठेवलेले आहे: तेल ओतणाऱ्याने, बाकीच्यांचे हुंगून पुरते होईपर्यंत, खाली यायचे नाही. त्याच्या हाताला तोच वास असतो.